अन्नपूर्णेचं नाक

आमच्या देवघरातल्या अन्नपूर्णेला हात लावायचा अधिकार घरात एकाच माणसाला होता आणि ते माणूस मी नव्हतो. हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी समजलं आणि पुढची वीस वर्षं मी ते नीट पाळलं. एकविसाव्या वर्षी पाळलं नाही, त्याची ही हकिगत.

मी खुशालराव, अमरावतीच्या कापूस बाजारातला तोलारी. काटा माझ्या हातात आला की विकणारा आणि घेणारा दोघंही गप्प बसतात. मूठभर सरकी तळहातावर घेऊन मी तिचं वजन सांगतो आणि मग काटा माझ्या म्हणण्याला रुकार देतो. त्या साली समुद्रापलीकडे अमेरिका नावाच्या मुलखात भाऊबंदांची लढाई जुंपली होती. त्यांच्या भांडणाचा आमच्या काळ्या रानाशी काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही, पण वऱ्हाडच्या कापसाला असा काही भाव आला की लोकांनी बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढवल्या. आमच्या गल्लीत तीन घरांत मुंबईहून नवे देव आले. ते इतके चकचकीत होते की त्यांच्यापुढे हात जोडणाऱ्याला आपलंच तोंड दिसे.

याच दिवसांत आमच्या मुलीचं, सुभद्राचं, लग्न वलगावच्या भगवंतरावांच्या मुलाशी ठरलं. तिथी पक्की करायला भगवंतराव घरी आले, पाणी प्याले, आणि देवघराकडे पाहून त्यांनी अगदी सहज विचारलं की हे मधले देव कोणते. मी म्हणालो, अन्नपूर्णा. ते उठले, कमरेत वाकले, डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "असंल."

एवढंच बोलले. पण तो 'असंल' माझ्या काळजात रुतून बसला. वीस वर्षं ज्या देवीच्या पुण्याईनं मी जेवतो, ती कोण हे व्याह्याला माझ्या शब्दावर मानावं लागलं होतं.

खरं सांगायचं तर चूक त्यांची नव्हती. ही अन्नपूर्णा दुर्गाबाईच्या, म्हणजे आमच्या घरधनिणीच्या, आजीची. आजीकडून ती आईकडे आली आणि आईकडून दुर्गाबाईबरोबर हिवरखेडहून आमच्या घरी. मुलीला माहेराहून अन्नपूर्णा द्यायची चाल सगळीकडेच आहे, पण लोक नवी देतात. यांच्या घरात आई आपली स्वतःचीच काढून देते. लग्नाआधी नवरी गौरीहरापुढे बसून तिची पूजा करते आणि निघताना ओटीत घालून घेऊन जाते. तीन पिढ्यांच्या बायकांनी तिला रोज सकाळी चिंचेनं घासली, राखेनं उजळली, पाण्यानं धुतली आणि जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यानं कोरडी केली. मांडी घालून बसलेली, दोन्ही हातांत आडवी पळी धरलेली ती वीतभर बाई सकाळच्या उन्हात अशी पिवळीधमक दिसायची की चुलीवरच्या वरणालाही तिचा रंग चढल्यासारखा वाटे. पण तोंड झिजून गेलं होतं. डोळ्यांच्या जागी दोन फुगीर खुणा, नाक म्हणजे एक उंचवटा आणि ओठ दुर्गाबाईला दिसायचे म्हणून असावेत.

दुर्गाबाईची आई जाऊन सात वर्षं झाली. देवी घासताना दुर्गाबाई कुणाशी बोलायची नाही. मला वाटायचं, मंत्र म्हणत असेल.

लग्नाला महिना उरला तेव्हा ती भावांना अक्षत द्यायला सुभद्राला घेऊन हिवरखेडला निघाली. दमणीत बसल्यावर तिनं मला एकच गोष्ट बजावली. "रोज फूल वाहा. देवीले हात नोका लावू. मी येऊन पायतो."

दमणी वळणाआड गेली आणि मी चिंच भिजत घातली.

माझा हेतू वाईट नव्हता. देवी लखलखीत करावी, भगवंतरावांनी लांबून ओळखावी, आणि दुर्गाबाईनं परत आल्यावर म्हणावं की वा. वीस वर्षांत तिनं मला वा म्हटलेलं नव्हतं. मी गाडग्यात चिंचेचं दाट पाणी केलं, मूठभर मीठ घातलं, देवीला नमस्कार करून आत बसवलं आणि वरून झाकण ठेवलं. घटकाभर मुरू द्यावं असा बेत. तेवढ्यात बाजारातून बोलावणं आलं. कापसाच्या चाळीस गाड्या एकदम उतरल्या होत्या. त्या दिवशी मी तोललं, दुसऱ्या दिवशी तोललं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत जाताना पायाखाली चिंचोका आला तेव्हा मला आमची देवी आठवली.

झाकण काढलं. आत एक लाल बाई बसली होती.

पितळ चिंचेत फार राहिलं तर लाल पडतं, हे मला आता माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं. शेजारच्या पार्बताबाई विस्तव मागायला आल्या, त्यांनी गाडग्यात डोकावून पाहिलं आणि विस्तव न घेताच परत गेल्या. थोड्या वेळानं गल्लीतल्या सात-आठ बायका हळदकुंकू घेऊन आल्या. देवी कोपली आहे, असं ठरलं. कुणावर कोपली याबद्दल कुणी काही बोललं नाही, पण सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. ज्याच्या शब्दावर चाळीस गाड्यांचा तोल ठरतो अशा माणसाकडे बायकांनी त्या नजरेनं पाहू नये असं मला वाटतं.

मग नत्थुजी आले. नत्थुजींचा गावाबाहेर फुलांचा आणि वांग्यांचा मळा आहे. रोजची फुलं तेच आणून देतात आणि फुलांबरोबर सल्लाही देतात. त्यांनी देवीला उलटीपालटी करून पाहिलं आणि विटकरीच्या पुडीनं घासा, म्हणाले. त्यांच्या मामांनी एकदा तोफ अशीच साफ केली होती. मामा तोफखान्यात होते का असं मी विचारायला हवं होतं. पण घाबरलेला माणूस सल्ल्याचं मूळ विचारत नाही. मी वीट कुटली, वस्त्रगाळ केली आणि दोन दिवस घासली. लाली बरीचशी गेली. तिच्याबरोबर डोळ्यांच्या खुणाही गेल्या, नाकाचा उंचवटाही गेला आणि खांद्यांवर एक पितळेची सुपारी तेवढी उरली.

त्या दुपारी मी देवघरापुढे बसून राहिलो, जेवलो नाही. दुर्गाबाईच्या आईचं घरात दुसरं काहीही नव्हतं. लुगडं विरलं, पाटल्या धाकट्या भावजयीकडे गेल्या, राहिली होती ही एक बाई. आणि ती मी दोन दिवसांत घासून टाकली होती. मला फार वाईट वाटलं, ते मी इथे लिहून ठेवतो, कारण पुढच्या गोंधळात ते राहून जाईल.

आमचे भटजी जोशीबुवा, त्यांना विचारलं. ते म्हणाले, अंगभंग झालेला नाही, तोंड नव्यानं कोरून घेता येईल, असलं काम करणारा सूर्यभान ओतारी अकोल्यात आहे. मात्र मूर्ती कारागिराच्या हाती देण्याआधी देवीला तिच्यातून काढून दुसरीकडे बसवली पाहिजे, नाहीतर छिन्नी देवीला लागेल. त्यांनी मंत्र म्हणून देवीला एका सुपारीत बोलावली, सुपारी देवघरात तांदळावर मांडली आणि मूर्ती माझ्या हाती दिली. आता हा नुसता धातू, असं सांगितलं. मी तो धातू दुर्गाबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि सुपारीला रोज फूल वाहायचं काम नत्थुजींवर सोपवलं.

त्या दिवसांत अमरावतीत बसायला गाडी मिळणं मुश्कील होतं. ज्याला चाकं होती त्या प्रत्येक वस्तूवर कापूस होता. शेवटी अकोल्याला जाणाऱ्या एका गाडीवर कापसाच्या बोजांमध्ये जागा मिळाली. तीन दिवस मी कापसात नाकापर्यंत बुडून प्रवास केला. उतरलो तेव्हा माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. पण त्याआधी वाटेवर जकातीचं नाकं आलं.

नाक्यावर नवीन सरकारचा नवीन कागद होता आणि त्यात रकाने होते. कापूस, सरकी, धान्य, जनावर. कापसाची गाडी जमादारानं न बघता सोडली आणि माझं गाठोडं धरलं. कुठल्याशा देवळातून मूर्ती चोरीला गेल्या होत्या म्हणून देवांची चौकशी करायचा हुकूम होता. हे काय, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, देवी. मग तो म्हणाला, कोणती. आता ज्या बाईला तोंडच नाही ती कोणती हे कसं पटवणार? मी खरं ते सांगितलं, की देवी घरी सुपारीत आहे आणि हा नुसता धातू आहे. जमादारानं मूर्ती काट्यात टाकली आणि रकान्याबाहेर लिहिलं: 'पितळ, मोडीचं, नग एक, रंग तांबूस, वजन पाऊण शेर तीन तोळे.' काटा पाव तोळ्यानं खाली ओढत होता, ते मी त्याला सांगितलं. सांगायला नको होतं. त्यापायी आणखी घटकाभर थांबावं लागलं.

दुर्गाबाईच्या तीन पिढ्यांची अन्नपूर्णा सरकारी कागदावर मोड, म्हणजे भंगार, म्हणून चढली. मी कापसात परत जाऊन बसलो आणि गाठोडं मांडीवर घेतलं.

सूर्यभान ओतारी म्हाताराच होता. त्याच्या भट्टीपुढे घंटा, समया, नंदी मातीच्या साच्यांतून अर्धे बाहेर आलेले पडले होते. त्यानं मूर्ती हातात घेतली, रंग पाहिला, वास घेतला आणि मला विचारलं, "किती दिस भिजवली?"

मी म्हणालो, तीन.

"चिंच चोळाची न् लगेच धुवाची," तो म्हणाला. "देवीले लोनच्यासारखी मुरवत नाई, राजेहो."

पण त्याचा हात मोठा मायाळू होता. राखेचं बोट लावून तो तिच्या खांद्यावरून, पळीवरून असं फिरवी की तान्ह्या पोराला तेल लावतो आहे असं वाटे. बघता बघता तांबूस थराखालून पिवळा रंग वर आला. त्यानं मला दाखवलं की जुन्या मूर्तीत धातू भरपूर असतो, कपाळाशी अजून जाडी आहे, खोल कोरलं तर तोंड निघेल. मग छिन्नी उचलली, तिला धार लावली आणि विचारलं की तोंड कसं होतं ते सांगा.

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. वीस वर्षं रोज सकाळी मी तिच्यापुढे हात जोडले होते, पण डोळे मिटून. सूर्यभान थांबला होता. काहीतरी सांगणं भाग होतं, म्हणून जे सुचलं ते सांगत गेलो. नाक सरळ, पण शेंड्याला किंचित बसकं. डोळे फार मोठे नाहीत, पण पाहिलं की आपण काय विसरलो ते माणसाला आठवायला लागावं. डावी भुवई उजवीपेक्षा केसभर वर. तोंडावर हसू नाही, पण डाव्या कोपऱ्यात येऊन थांबलेलं.

सूर्यभान माझ्याकडे बघत राहिला. देवी घरचीच आहे ना, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, घरचीच. तो मान हलवून कामाला लागला. चार दिवस मी त्याच्या ओसरीवर बसून छिन्नीचा आवाज ऐकला. पाचव्या दिवशी त्यानं मूर्ती दिली आणि बरोबर एक पुडी दिली. तोंड कोरताना निघालेला पितळेचा कीस होता तो. देवाच्या अंगाचा कण ओताऱ्यानं ठेवून घ्यायचा नाही, अशी त्यांच्यात रीत आहे. मी पुडी कमरेला लावली, आणि बरं झालं लावली.

कारण परतीच्या वाटेवर नाकं तिथेच होतं आणि जमादारही तोच. त्यानं जुना कागद काढला, मूर्ती पाहिली, आणि ही ती नव्हे असं जाहीर केलं. गेली ती मोड होती आणि आली ती मूर्ती होती. गेली ती तांबूस होती आणि आली ती पिवळी. शिवाय हिला नाक होतं. मी म्हणालो, नाक करायलाच नेलं होतं. तो म्हणाला, कागदावर तसं लिहिलेलं नाही. काट्यात घातली तर कागदापेक्षा सव्वा तोळा कमी भरली. त्याला मोठा आनंद झाला.

मी कमरेची पुडी काढून पारड्यात ठेवली. काटा मधोमध येऊन उभा राहिला. जमादारानं पुडी उघडली, आतला पिवळा भुगा पाहिला, आणि हे काय म्हणून विचारलं. मी म्हणालो, "हे पहिलं तोंड हाये." भुगा सांडू नये म्हणून मी पुडीखाली हात धरला होता, ते त्याला दिसलं असावं. त्यानं मूर्ती दोन्ही हातांनी उचलून परत दिली आणि कागदावर मोडीचं हा शब्द खोडून वर 'अन्नपूर्णा' लिहिलं. सरकारात चांगली माणसं असतात, फक्त त्यांना रकाना नसतो.

घरी पोचलो तर नत्थुजी पायरीवर बसलेले. त्यांचा चेहरा पाहून मी आत धावलो. तांदूळ होते, फूल होतं, सुपारी नव्हती.

"हात आपोआप गेला, खुशालराव," नत्थुजी म्हणाले. "चाळीस वर्साची सवय. अडकित्ता कवा काढला तेबी समजलं नाई."

आता हिशेब असा होता की देवी मूर्तीत नव्हती आणि सुपारीतही नव्हती. जोशीबुवांना बोलवावं की नत्थुजींनाच तांदळावर बसवावं, याचा आम्ही गंभीरपणे विचार करत होतो, तेवढ्यात दारात दमणी थांबली. दुर्गाबाई ठरल्यापेक्षा चार दिवस आधी आली होती.

मी सगळं सांगितलं. चिंच, वीट, नाकं, सुपारी. काही लपवलं नाही, कारण लपवायला जागाच उरली नव्हती. सुपारीचं ऐकून तिनं नत्थुजींकडे पाहिलं. ते भिंतीत शिरायच्या बेतात होते.

"अन्नपूर्नाच ते," ती म्हणाली. "पोटातच गेली ना. दुसरीकडं कुठं जाईल?"

मग तिनं मूर्तीभोवतीचं लुगडं सोडून ती हातात घेतली. नव्या तोंडावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. तिच्या अंगठ्याला जे हवं होतं ते तिथे नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी खाली पाहू लागलो. मला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मायचा हात होता याच्यावर," ती म्हणाली. "रोज सकाळी लागे मले."

इतक्या वर्षांनी मला कळलं की ती मंत्र म्हणत नव्हती.

मी पुडी पुढे केली आणि पहिलं तोंड यात आहे असं सांगितलं. तिनं ती उघडली नाही, मुठीत धरली. दुसऱ्या हातानं मूर्ती सावरायला गेली आणि थांबली. घासताना डाव्या हातानं मूर्ती पाठीमागून धरावी लागते, आणि तीन पिढ्यांच्या बोटांनी तिथे एक खोलगट जागा झाली होती. सूर्यभाननं पाठीला छिन्नी लावली नव्हती. दुर्गाबाईची बोटं त्या खळग्यात जाऊन बसली.

इतका वेळ सुभद्रा आईच्या खांद्यावरून मूर्तीकडे पाहत होती. ती म्हणाली, "माय, हे तं तू हायेस."

आम्ही तिघांनी पाहिलं, नत्थुजींनीही. नाक शेंड्याला बसकं, डावी भुवई केसभर वर, हसू डाव्या कोपऱ्यात थांबलेलं. दुर्गाबाईनं मूर्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"माह्यं नाक बसकं हाये काय?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, किंचित. ती आत गेली, आणि आतून बांगड्यांचा आवाज आला, तो हसताना पदर तोंडाशी नेल्यावर येतो तसा होता. वा ती म्हणाली नाही. पण त्या दिवशी माझ्या पानात तूप जास्त होतं, आणि तुपाचं वजन मला न तोलता कळतं.

जोशीबुवांनी मंत्र म्हणून देवीला पुन्हा मूर्तीत बसवली. ती कुठून यायची होती याची चौकशी त्यांनी केली नाही. लग्नाच्या दिवशी सुभद्रा गौरीहरापुढे बसली, तांदळाची चिमूट चिमूट वाहत. भगवंतराव आले, वाकले, मूर्तीकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या दुर्गाबाईकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आता ओयखू आली." निघताना सुभद्रानं देवी ओटीत घेतली. तिचा हात मूर्तीच्या पाठीकडे गेला, तो मी पाहिला, आणि मग मला नीट दिसेनासं झालं.

आमच्या देवघरात आता त्या जागी एक सुपारी आहे आणि तिच्याशेजारी एक पुडी. नत्थुजी फुलं आणतात तेव्हा हात पाठीमागे बांधून उभे राहतात.

दिवाळीनंतर मी वलगावला जाऊन आलो. सुभद्रा अंगानं भरली होती, हसत होती, सासू बरी आहे म्हणाली. पण बापाला मुली बरंच म्हणतात. घरी आल्यावर दुर्गाबाईनं तिच्या सासूची, जावयाची, गाईगुरांची, कशाचीच चौकशी केली नाही. चुलीपुढे बसून तिनं एवढंच विचारलं, की देवी पाहिली का. मी म्हणालो, पाहिली. हातात घेऊन पाहिली.

"किती झिजली असंल?"

सगळ्या अमरावतीत या प्रश्नाचं उत्तर देऊ शकेल असा मी एकटाच होतो. सुभद्राच्या रोजच्या हातानं नाकाचा शेंडा आणखी थोडा बसला होता, डावी भुवई पुसट व्हायला लागली होती.

"गुंजभर," मी म्हणालो.

दुर्गाबाईनं भाकरी उलटली.

"मंग बरी हाये पोरगी," ती म्हणाली.